म्हातारा जादूगार पोरगा होता तेव्हा

१९६७ साली बर्कलीच्या पार्नासस प्रेसचे हर्मन शाइन यांनी अर्सुला ले ग्विन यांच्याकडे जरा मोठ्या मुलांसाठी एक पुस्तक मागितलं. विषय हवा तो घ्या, म्हणाले. ले ग्विन तोवर विज्ञानकथा लिहीत होत्या. मुलांसाठी लिहायचा सराव नव्हता. पण काळ अनुकूल होता. विशीही न गाठलेल्या एस. ई. हिंटनची किशोर-कादंबरी ‘द आउटसायडर्स’ त्याच वर्षी आली होती, आणि टोल्किनच्या स्वस्त आवृत्त्या कॉलेजातल्या पोरांच्या हातात दिसू लागल्या होत्या.

मर्लिन काय, टोल्किनचा गॅन्डाल्फ काय, जादूगार म्हटला की पांढरी दाढी आलीच. पण हे काही म्हातारे जन्माला आले नव्हते. मग विद्या शिकले कुठे, आणि शिकताना चुकले किती? या प्रश्नातून १९६८ची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ निघाली. हॅरी पॉटरचं हॉगवर्ट्‌स उघडायला अजून २९ वर्षं होती; रोक बेटावरची जादूगारांची शाळा तेव्हाच भरली.

ले ग्विन यांनी आधी नकाशा काढला. समुद्रभर विखुरलेली बेटं, प्रत्येकाला नाव. मग त्यात सोडला गेड: शेळ्या राखणारा, हुशार आणि भयंकर तापट. शाळेत जास्पर नावाचा विद्यार्थी त्याला डिवचतो आणि हा इरेला पेटून मेलेल्या स्त्रीचा आत्मा बोलावतो. तिच्यामागून एक काळी सावली झेपावते, त्याचा चेहरा ओरबाडते. त्या मंत्राने पडलेली फट बुजवताना शाळेच्या मुख्य जादूगाराचा जीव जातो. इथे सैन्य नाही, कुणी दुष्ट सम्राट नाही. पुढचं सगळं पुस्तक म्हणजे गेडचं स्वतःच्याच करणीपासून पळणं, आणि एक दिवस मागे वळून तिच्याच पाठी लागणं. सोळा वर्षांच्या वाचकाला पकडतं ते हे. ड्रॅगन आहेतच, पण ते वरकड.

याच पकडीचा ले ग्विन यांनी धूर्त उपयोग केला. गेड तांबूस-तपकिरी, त्याचा मित्र व्हेच काळा. गोरे आहेत ते गावावर धाड घालणारे कार्ग. नायकाच्या रंगाचा गाजावाजा नाही. वाचक गेडमध्ये पुरता शिरल्यावर तो जाता जाता कळतो. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, त्या वर्षीच्या अमेरिकेत!

रूथ रॉबिन्स यांच्या पहिल्या मुखपृष्ठावरचा गेड सावळाच होता. पुढच्या कित्येक आवृत्त्यांनी मात्र त्याला गोरा करून टाकलं. गोरा चेहरा जास्त खपतो, हा धंद्याचा हिशेब. २००४च्या दूरचित्रवाणी मालिकेतही गोरा नट आला, तेव्हा ले ग्विन यांनी जाहीर लेख लिहून तक्रार केली. अखेरीस चित्रकार चार्ल्स व्हेस यांच्यासोबत काही वर्षं चित्रांवर चर्चा करत त्यांनी अर्थसीच्या पुस्तकांची सचित्र एकत्रित आवृत्ती सिद्ध केली. जानेवारी २०१८मध्ये त्या गेल्या. आवृत्ती त्याच वर्षी बाजारात आली.