अडीच महिन्यांची केटी

आयटीत प्रोजेक्ट सोडताना 'केटी' द्यावी लागते. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. बरेच जण ती हातचं राखूनच देतात. (मीही दिली आहे, खोटं कशाला बोलू!) म्हणूनच डॉन फरोची गोष्ट वाचून जरा ओशाळलो.

फरो मिसुरी विद्यापीठाचा फुटबॉल कोच. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, बॉल हातात घेऊन पळतात तो. १९४१ मध्ये त्याने 'स्प्लिट टी' नावाची पद्धत काढली. पुढच्या फळीतल्या खेळाडूंमधलं अंतर वाढवायचं. क्वार्टरबॅकने बॉल घेऊन फळीमागून आडवं पळायचं. समोरचा गडी अंगावर आला तर बॉल बाजूच्याकडे टाकायचा, नाही आला तर स्वतःच घुसायचं. थोडक्यात, निर्णय रनटाइमला!

मग युद्ध आलं. वैमानिक घडवायला अमेरिकन नौदलाने १९४२ मध्ये आयोवा विद्यापीठात प्री-फ्लाइट शाळा उघडली. तिथे फुटबॉल हा प्रशिक्षणाचाच भाग होता. १९४३ च्या मोसमात शाळेच्या 'सीहॉक्स' संघाचा कोच होता फरो. हाताखाली दोन सहाय्यक, जिम टेटम आणि बड विल्किन्सन. सप्टेंबर ते नोव्हेंबर, दहा सामने, नऊ विजय. एकमेव पराभव नोत्र दामकडून, तोही १४-१३ असा एका गुणाने. एपीच्या शेवटच्या क्रमवारीत नोत्र दाम पहिला, सीहॉक्स दुसरा.

मोसम संपला, संघ पांगला. पण त्या अडीच महिन्यांत दोघा सहाय्यकांनी स्प्लिट टी पुरती आत्मसात केली होती.

१९४६ मध्ये टेटम ओक्लाहोमाचा कोच झाला, विल्किन्सनला सोबत घेऊन गेला. पुढच्याच वर्षी सूत्रं विल्किन्सनकडे आली. १९५३ ते १९५७ मध्ये ओक्लाहोमाने सलग ४७ सामने जिंकले. पाया तोच, स्प्लिट टी. टेटमने तीच पद्धत मेरीलँडला नेली आणि १९५३ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

आणि फरो? युद्धानंतर तो मिसुरीत परतला. ओक्लाहोमाशी दरवर्षी गाठ. १९४६ ते १९५६, अकरा सामने, अकराही हरला. शेवटच्या वर्षी तर ६७-१४! आपणच शिकवलेल्या पद्धतीने.

आता मला चटका लावून गेलेली गोष्ट. १९५० मध्ये, म्हणजे ओक्लाहोमाकडून ओळीने चार वेळा मार खाल्ल्यावर, या माणसाने पुस्तक लिहिलं. विषय? स्प्लिट टीची गुपितं!

सोमवारी मला एका नव्या मुलाला केटी द्यायची आहे. यावेळी सगळं सांगणार.