थायरॉइडची गोळी, गुडघ्याची गोळी आणि साखर

बारामती-इंदापुरात साखर म्हटलं की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर आठवतं. आता टपरीवर चर्चा दुसऱ्याच साखरेची. "गोळ्या वेळेवर घेतो, भात सोडला, तरी साखर वाढतीच कशी?" कधीकधी कारण दुसऱ्या आजाराच्या गोळीत असतं.

१८९१ मध्ये इंग्लंडात डॉ. जॉर्ज मरे यांनी थायरॉइडच्या रुग्ण बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. (हो, मेंढीच्याच! आपल्या मेंढपाळांना गंमत वाटेल.) बाई पुढे २८ वर्षं जगली. १९१४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या एडवर्ड केंडॉल यांनी त्या ग्रंथीतलं थायरॉक्सिन वेगळं काढलं. याच माणसाने पुढे कॉर्टिसोन शोधलं. १९४८ मध्ये तिथेच ते संधिवाताच्या एका बाईला दिलं, ती काही दिवसांत चालू लागली. १९५० ला नोबेल!

दोन्ही औषधं हवीतच, पण दोन्ही साखरेशी खेळतात. थायरॉक्सिन सुरू झालं की शरीर इन्सुलिन लवकर संपवतं, मग डायबेटिसचा डोस वाढवावा लागू शकतो. हे निदान डॉक्टरांना माहीत तरी असतं. कॉर्टिसोनच्या घराण्यातलं स्टेरॉइड मात्र गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुडीतूनही पोटात जातं. त्याने लिव्हर जादा साखर सोडतं. सकाळी घेतलं तर साखर चढते दुपारनंतर. आपण तपासतो उपाशीपोटी, रिपोर्ट नॉर्मल!

तपासणीला जाताना पुड्याही पिशवीत टाका. फार दिवस चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका. शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवायचं विसरलेलं असतं.