एका नावाची विटंबना

विदूषकी चाळ्यांसाठी इंग्रजीत ‘झेनी’ असा एक शब्द आहे. आज तो विक्षिप्त, गमतीदार वागण्याला लावतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला, तेव्हा मात्र त्याचा अर्थ होता : विदूषकाची वेडीवाकडी नक्कल करणारा त्याचा गडी. शेक्सपिअरच्या नाटकांतही तो याच अर्थाने भेटतो.

शब्द मूळचा इटलीचा. आणि मुळात ते एक नाव आहे. ‘परमेश्वर कृपाळू आहे’ या अर्थाचे हिब्रू ‘योहानान’ लॅटिनमध्ये ‘योहान्नेस’ झाले, इटालियनमध्ये ‘जोव्हान्नी’. त्याचे घरगुती रूप ‘जान्नी’, आणि उत्तर इटलीच्या बोलीत ‘झान्नी’. गोव्यात आपण ज्याचा सांजांव साजरा करतो, त्याच संत योहानाचे हे नाव!

ते विदूषकाला कसे चिकटले? बेर्गामोच्या डोंगराळ मुलुखातील गरीब माणसे पोटासाठी व्हेनिसला येत आणि हमाली करीत. त्यांची बोली रांगडी, चालरीत गावंढळ. १५४५ साली पादुआ येथे नटांच्या एका मंडळीने लेखी करार केला. तिच्या प्रमुखाचे टोपणनाव ‘झानिनी’च होते. पुढे मुखवट्यांच्या इटालियन प्रहसनांत झान्नी हा ठरीव नोकर झाला. ढगळ पांढरे कपडे, लांब नाकाचा मुखवटा आणि कधीही न शमणारी भूक! त्याच्या भुकेवर प्रेक्षक पोट धरून हसत. ती भूक कोठून आली, हे विचारण्याची गरज किती जणांना वाटली असेल?

मराठीतील ‘विडंबन’ आणि ‘विटंबना’ हे शब्द एकाच संस्कृत मुळातून आले आहेत. नक्कल आणि अपमान यांत अंतर किती थोडे, हे आपल्या भाषेने केव्हाच ओळखले आहे.

सेमिनरीत असताना आम्हीही एका खेडवळ सोबत्याच्या बोलीची नक्कल करून हशा पिकवला होता. तोही हसला, पण त्यानंतर तो आमच्यासमोर फारसा बोलला नाही. त्याची क्षमा मागायचे आमच्याकडून राहून गेले.

हसू ही देवाचीच देणगी आहे. परंतु ज्याला आपण हसतो, त्यालाही कोणीतरी बाप्तिस्म्याच्या वेळी प्रेमाने नाव दिलेले असते. ‘झेनी’ या शब्दाच्या तळाशी अजूनही ‘परमेश्वर कृपाळू आहे’ हीच अक्षरे आहेत.