सैनिकाच्या पाठीवरचे ओझे आणि पायातले हाड

१/ वजनी जॅकेट घालून धावणे ही आजची टूम वाटते. परंतु देहावर जादा भार घेऊन केलेल्या सरावाचा इतिहास किमान दोन हजार वर्षांचा आहे. त्या भाराने हाडाला नेमकी कोणती इजा होते, हे मात्र एकोणिसाव्या शतकात उमगले. त्याचीच ही कहाणी. 🧵

२/ इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस रोमन सेनानी गायस मारियस याने सैन्यामागचा सामानाचा लवाजमा घटवला. शिधा, भांडी, अवजारे शिपायांच्याच खांद्यावर आली. लोक त्यांना ‘मारियसची खेचरे’ म्हणू लागले.

३/ पुढे इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या सुमारास व्हेजेटियस या लेखकाने सैनिकी प्रशिक्षणाचे नियम नोंदवले. उन्हाळ्याच्या ५ तासांत २० रोमन मैल, म्हणजे सुमारे ३० किलोमीटर चाल. नव्या शिपायाने ६० रोमन पौंडांपर्यंत, म्हणजे जवळपास २० किलो ओझे वाहण्याचाही सराव करावा. लाकडी तलवार आणि ढाल तर खऱ्याच्या दुप्पट वजनाची!

४/ सवय झाली की काहीच अवघड नाही, असा व्हेजेटियसचा विश्वास. तो खोटा नव्हता, पण अपुरा होता. सवय लागेपर्यंत शरीरात काय घडते, याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते.

५/ १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातील वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी एक विचित्र दुखणे नोंदवले. लांबच्या कवायतीनंतर शिपायांचे पाऊल सुजे आणि ठणके. पडल्याची, मार लागल्याची खूण कुठेच नसे.

६/ १८९५ मध्ये राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. दोनच वर्षांत, १८९७ साली, श्टेखो यांनी अशा पावलांच्या क्ष-किरण प्रतिमा तपासल्या. बोटांमागची लांब हाडे चक्क मोडलेली होती! हेच ‘मार्च फ्रॅक्चर’.

७/ घाव न बसता हाड मोडते कसे? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रशियातच अभियंता व्योलर रेल्वेच्या आसांचा अभ्यास करीत होते. एका फटक्यात न तुटणारे पोलादही तोच ताण हजारो वेळा बसला की तडकते, हे त्यांनी दाखवले. हाडाचेही तसेच. फरक इतकाच, की हाड जिवंत असल्याने बारीक तडे स्वतः भरून काढते. त्यासाठी त्याला उसंत हवी. ओझे किंवा अंतर एकाएकी वाढले, तर झीज पुढे धावते आणि दुरुस्ती मागे राहते. म्हणूनच हे दुखणे विशेषतः नव्या भरतीच्या शिपायांत आढळते.

८/ १९५० साली अमेरिकी सैन्य-इतिहासकार एस. एल. ए. मार्शल यांनी सैनिकाच्या ओझ्यावर पुस्तकच लिहिले. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर अतिभाराने शिपाई कसे गलितगात्र झाले, याचा दाखला त्यांनी दिला. सरावातही देहाच्या वजनाच्या एक तृतीयांशाहून अधिक ओझे नको आणि लढाईत त्याहून कमी, असे त्यांचे प्रतिपादन होते.

९/ ही मर्यादा कवायतीत मुरलेल्या जवानांसाठी होती. भरतीच्या तयारीला लागलेल्या किंवा हौसेने वजन बांधणाऱ्या तरुणाने तिच्या बऱ्याच अलीकडून सुरुवात करावी. दम आणि स्नायू लवकर तयार होतात, हाडे सावकाश. म्हणून ‘आता जमते आहे’ असे वाटू लागते, तेच आठवडे जपण्याचे. पावलाच्या किंवा नडगीच्या हाडावर एकाच जागी दुखू लागले, तर ओझे उतरवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. ब्राइटहाउप्ट यांच्या शिपायांना हे सांगणारे कोणी नव्हते.