भिऱ्याची वीज मुंबईला, मुंबईचा आवाज पेणला

रोह्याहून कोलाडमार्गे कुंडलिकेच्या काठाने वर जात राहिलं की भिरा लागतं. टाटांचं जलविद्युत केंद्र इथे १९२७ साली सुरू झालं. घाटमाथ्यावर मुळशीला अडवलेलं पाणी सुमारे पाचशे मीटर खाली उतरवायचं, त्यावर जनित्रं फिरवायची आणि वीज मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांकडे धाडायची, अशी ही योजना. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तिच्याविरुद्ध सत्याग्रह केला, तरी धरण झालंच. खाली तळकोकणाच्या वाटेवरच्या गावांनी विजेच्या तारा पाहिल्या त्या डोक्यावरून जाताना. घरात दिवा लागायला पुढची कित्येक दशकं जावी लागली.

त्याच वर्षी, २३ जुलै १९२७ रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. दीड किलोवॅटचा प्रक्षेपक आणि भरवशाचा पल्ला तीस मैलांच्या आसपास. नकाशावर सरळ रेष ओढली तर मुंबईपासून पेण चाळीसेक किलोमीटर भरतं आणि रोहा सत्तर. म्हणजे त्या पहिल्या रेडिओच्या हिशेबात पेण कसंबसं आत आणि रोहा सपशेल बाहेर. दोन गावांमधला हा फरक पुढे दूरदर्शनच्या काळातही जाणवत राहिला.

पेण-रोह्याचा पुढचा अनुभव १९२७ च्या या दोन घटनांनी जणू ठरवूनच टाकला. तारेवरचं जे होतं, ते बराच काळ इथून गेलं. बिनतारी जे होतं, ते इथे आलं.

विजेशी रायगड जिल्ह्याचं नातं आधीपासूनच जरा गमतीचं. शेजारच्या अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ सालची. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या नाजूक उपकरणांची मोजणी बिघडणार, म्हणून ती खाडीपलीकडे हलवली गेली. मुंबईच्या विजेपासून लांब असणं हीच अलिबागची पात्रता ठरली!

सुरुवातीचा रेडिओ म्हणजे लाकडी पेटीतला व्हॉल्व्हचा संच. त्याला घरची वीज हवी किंवा जड बॅटरी, शिवाय छपरावर एरियलची तार. वर वर्षाला दहा रुपयांचा परवाना. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने विनापरवाना संच बाळगणं गुन्हा ठरवलं. हा परवाना टपाल कचेरीतून मिळे आणि दरवर्षी तिथेच नवा करून घ्यावा लागे. एका आणि दोन बँडच्या संचांना त्यातून १९८० साली सूट मिळाली, आणि त्या दशकाच्या मध्यापर्यंत ही भानगड पूर्ण संपली. आज खिशात फोन घेऊन हिंडणाऱ्या पोरांना आजोबा गाणी ऐकण्यासाठी सरकारला फी भरत असत हे सांगून पाहावं. विश्वास बसत नाही.

खरा बदल केला तो ट्रान्झिस्टरने. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत १९४७ साली जन्मलेला हा इवलासा घटक साठच्या दशकात चाकरमान्यांच्या पिशवीतून कोकणात उतरला. चामड्याचं भोकाभोकांचं कव्हर, खांद्याला अडकवायचा पट्टा आणि आत सेल. वीज नको, छपरावरची तार नको. खारेपाटातल्या बांधावर, बैलगाडीत, पेणच्या गणपतीच्या कारखान्यात आखणी करणाऱ्याच्या शेजारी, कुठेही तो वाजे. सेल उतरले की उन्हात ठेवून आणखी दोन-चार दिवस काढायचे, हा घरोघरचा उपाय. रेवदंड्याच्या खाडीतून होड्या घालणाऱ्या कोळ्यांसाठी हवामानाची बातमी देणारा रेडिओ ही चैन नव्हती, गरज होती.

ऐकायचं काय, हे दिल्लीने ठरवू पाहिलं होतं. नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर कैवारी. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं. लोकांनी सरळ काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. १९५२ च्या अखेरीस सुरू झालेल्या बिनाका गीतमालेने उरलंसुरलं काम केलं. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. श्रोत्यांनी एका मंत्र्याला इतक्या शांतपणे हरवल्याचं दुसरं उदाहरण चटकन आठवत नाही. आणि लहरींना घाट-खाडी आडवी येत नसल्याने या विजयात आडगावचा श्रोताही दादरच्या श्रोत्याइतकाच सामील होता.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. दूरचित्रवाणीच्या लहरी मात्र रेडिओसारख्या डोंगर ओलांडत नाहीत. त्यांना समोरासमोर मोकळी नजर लागते. वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून अँटेना लावली की पेणला चित्र बऱ्यापैकी मिळे. डोंगरांनी वेढलेल्या रोह्यात बांबू उंच करायचा, बूस्टर जोडायचा, एकाने कौलांवर चढून अँटेना फिरवायची आणि खालून घरच्यांनी ‘आलं, आलं… गेलं!’ असं ओरडत राहायचं. गुरुवारचं ‘छायागीत’ आणि शनिवारचा मराठी सिनेमा यांच्या आधी हा सोहळा हमखास होई. पडद्यावर मुंग्या नाचत असल्या तरी ओटीवर गर्दी कमी होत नसे.

छोट्या पडद्याने पेणच्या मुख्य धंद्यातही हात घातला. ‘जय मल्हार’ ही मालिका २०१४ साली सुरू झाली आणि पुढच्याच हंगामात खंडोबाच्या रूपातल्या गणेशमूर्तींना तुफान मागणी आली. त्याच सुमारास ‘बाहुबली’ही मूर्तींत अवतरला. जुन्या मूर्तिकारांनी नाकं मुरडली असतील. पण गिऱ्हाईक फोटो दाखवून ‘असाच हवा’ म्हणत असेल तर साचा बदलावाच लागतो.

टेलिफोनची गोष्ट उलटी. तो तारेवर चालणारा, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात तार म्हणजे कायमची दुखणाईत. ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास बसायचं. फार घाई असेल तर आठपट पैसे मोजून ‘लाइटनिंग’ कॉल. सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने १९८४ साली उभ्या राहिलेल्या सी-डॉटने वातानुकूलनाशिवाय चालणारी छोटी ग्रामीण एक्स्चेंज बनवली, त्यानंतर कुठे एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्या गावोगाव लागल्या. पेणचा कोड ०२१४३, रोह्याचा ०२१९४. पनवेल पुढे मुंबईच्या ०२२ मध्ये गेलं, पेण बाहेरच राहिलं. मोबाइल आल्यावरही ही रेघ टिकली: मुंबईचं सिम घेऊन पेणच्या दिशेने निघालं की वाटेत रोमिंग सुरू होई.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडत. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले आणि फोन मासळीवालीच्या कमरेला आला. ज्या घरांत तारेचा फोन कधी आलाच नाही, त्यांनी तो टप्पा गाळूनच पुढे उडी घेतली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने डेटा स्वस्त केल्यावर मूर्ती ठरवायला प्रत्यक्ष पेणला येण्याचीही गरज उरली नाही. व्हॉट्सॲपवर फोटो, त्यावरच बयाणा.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि बिनतारी म्हणजे तारेशिवाय नव्हे, हे जिल्ह्याला एका दिवसात कळलं. विजेचे खांब आडवे झाले, मनोऱ्यांच्या बॅटऱ्या संपल्या, फोन मुके झाले. दक्षिण रायगडातल्या कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. मुंबईतली मुलं आईबापांची खुशाली कळावी म्हणून नंबर फिरवत राहिली.

या साऱ्याचा पुरावा कुठल्या संग्रहालयात नीट मांडून ठेवलेला नाही. तो लोकांच्या माळ्यावर पडून आहे. पेण-रोह्यात कुणाकडे रेडिओचं परवानापुस्तक, जुना व्हॉल्व्हचा संच किंवा पीसीओची पिवळी पाटी असेल, तर ती भंगारवाल्याला देण्याआधी एकदा गावच्या वाचनालयात विचारावं.