पित्याचा करार आणि कन्येचें मन

प्रेम ही भावना मानवाइतकीच प्राचीन असली, तरी सुखान्त नाटकांत प्रेयसीला स्वतःची वाणी मिळण्यास फार काळ लागला. प्लॉटस व टेरेन्स या रोमन नाटककारांच्या कृतींत प्रेमवेडा तरुण, करडा पिता व चतुर गुलाम यांची रेलचेल असते. परंतु जिच्यासाठीं हा सारा खटाटोप चालतो, ती कुलीन कन्या बहुधा पडद्याआडच राहते. विद्यापुनरुज्जीवनाच्या काळीं इटलीनें हाच सांचा उचलला. फेरारा येथें १४८६ मध्यें प्लॉटसच्या एका नाटकाचा इटालियन भाषेंत थाटाचा प्रयोग झाला, आणि १५०८ पासून तेथेंच आरिओस्तोचीं त्याच धाटणीचीं नवीं नाटकें रंगभूमीवर आलीं.

त्या काळीं प्रतिष्ठित कुळांतील विवाह हा दोन घराण्यांमधील करार असे. हुंडा ठरे, दस्तऐवज होई. वधूच्या मनाचा विचार झाला तर शेवटीं. धर्मशास्त्राचें मत मात्र निराळें होतें : विवाह सिद्ध होतो तो उभयतांच्या संमतीनें. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५६३ मध्यें धर्मगुरु व साक्षीदार यांची उपस्थिति आवश्यक ठरविली. तरी केवळ पित्याची संमति नाहीं म्हणून विवाह रद्दबातल मानण्यास तिनें नकार दिला. व्यवहार एक सांगे, शास्त्र दुसरें; या दोहोंमधील फटींत सुखान्त नाटकानें आपला संसार थाटला.

सिएना येथील इंत्रोनाती या विद्वन्मंडळानें १५३२ मध्यें सादर केलेलें 'ग्लि इन्गान्नाती', म्हणजे 'फसलेले', हें नाटक याचें उत्तम उदाहरण होय. १५२७ सालच्या रोमच्या लुटींत नायिका लेलिया हिच्या पित्याचें धन गेलें व पुत्र हरवला. आतां तो कन्येला एका श्रीमंत म्हाताऱ्याच्या गळ्यांत बांधूं पाहतो. ती मठांतून निसटते, पुरुषवेष घेते आणि आपल्या प्रियकराच्याच घरीं चाकर होऊन राहते. तो मात्र दुसरीवर भाळलेला. त्याचे प्रेमसंदेश पोंचविण्याचें काम हिच्याकडे! येथें कन्या पडद्याआड राहिलेली नाहीं. सारें कथानक तीच हलविते.

ही कथा फिरत फिरत इंग्लंडांत पोंचली व शेक्सपिअरनें तिच्यावर 'ट्वेल्फ्थ नाइट' उभारलें. लंडनच्या मिडल टेंपल या कायदेपंडितांच्या संस्थेंत २ फेब्रुवारी १६०२ रोजीं त्याचा प्रयोग झाला. तो पाहणाऱ्या जॉन मॅनिंगहॅम या कायद्याच्या विद्यार्थ्यानें एका इटालियन नाटकाशीं असलेलें त्याचें साम्य रोजनिशींत टिपून ठेवलें आहे. परंतु साम्यापेक्षां फरक अधिक बोलका आहे. शेक्सपिअरनें म्हातारा वर गाळला आणि पिताही गाळला. व्हायोला व ऑलिव्हिया दोघीही पितृहीन आहेत. मग अडथळा उरतो कोठें? तो मनांतच. ऑर्सिनो प्रेयसीपेक्षां स्वतःच्या विरहावर अधिक लुब्ध. ऑलिव्हिया बंधुशोकाच्या व्रतांत कोंडलेली. पुरुषवेषांतील व्हायोला स्वतःचें दुःख गिळून दोघांनाही त्या कोंडींतून बाहेर काढते.

त्याच फेब्रुवारींत, त्याच लंडनांत, कवि जॉन डन हा ॲन मोर हिच्याशीं तिच्या पित्याच्या संमतीवांचून गुप्तपणें विवाह केल्याबद्दल तुरुंगांत पडला. त्याची चिटणिसाची नोकरी गेली. एप्रिलमध्यें धर्मन्यायालयानें विवाह वैध ठरविला. परंतु नोकरी परत मिळाली नाहीं, आणि त्या दांपत्याला अनेक वर्षें ओढगस्तींत काढावीं लागलीं. शास्त्र प्रेमिकांच्या बाजूनें उभें राहिलें, तरी पित्याच्या रोषाची किंमत त्यांनाच मोजावी लागली. नाटककाराला पिता गाळतां आला. लंडनच्या व्यवहारांत तो गाळतां येत नव्हता.