येलचे आठ विद्यार्थी आणि आहाराचें माप

वजनें उचलणाऱ्या कॉलेजांतील तरुणास अंगावरची चरबी उतरवावयाची असली, म्हणजे आहारांतून काय कमी करावें आणि कशाला हात लावूं नये, हा प्रश्न त्याच्यापुढें उभा राहतो. प्रश्न वाटतो तितका नवा नाहीं. इ. स. १९०४ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठांत आठ व्यायामपटु विद्यार्थ्यांवर त्यासंबंधीं एक प्रयोग झाला. त्यांतून निघालेल्या उत्तरांत खरें किती आणि खोटें किती, हें कळण्यास पुढें शंभरावर वर्षें लागलीं.

त्या काळीं आहारशास्त्रांत म्यूनिकच्या कार्ल फॉइटचा शब्द प्रमाण मानला जाई. कष्टकरी माणसास रोज ११८ ग्रॅम प्रथिनें लागतात, असें त्याचें म्हणणें. पण हा आंकडा आला कोठून? धडधाकट कामकरी काय खातात हें त्यानें मोजलें, आणि जें ते खातात तेंच त्यांना लागतें असें धरून चालला. येलच्या शेफील्ड सायंटिफिक स्कूलचा संचालक रसेल चिटेंडन ह्याला हें पटेना. १९०२-०३ च्या हिवाळ्यांत होरेस फ्लेचर नांवाचा एक धनिक व्यापारी त्याच्याकडे येऊन राहिला होता. प्रत्येक घांस पाण्यासारखा पातळ होईपर्यंत चावावा, हा त्याचा छंद. छंद कसला, वेडच तें! परंतु पन्नाशी उलटलेला हा गृहस्थ फॉइटच्या निम्म्याहून कमी प्रथिनांवर राहून येलच्या व्यायामशाळेंत तरुणांचे व्यायाम सहज करी, ही गोष्ट दृष्टीआड करण्यासारखी नव्हती.

चिटेंडननें आधीं स्वतःचेंच ताट कमी केलें. त्याचें वजन ६५ किलोवरून सुमारें ५७ किलोवर आलें, आणि गुडघ्याचें जुनें दुखणेंहि गेलें. मग कांहीं अध्यापक, तेरा सैनिक व हे आठ विद्यार्थी प्रयोगास तयार झाले. मांसादि पदार्थ हळूहळू कमी करण्यांत आले. शरीरांत किती प्रथिन खर्ची पडतें, हें मूत्रांतील नायट्रोजन रोजच्या रोज मोजून ठरवीत. प्रथिनांचें प्रमाण निम्म्याहून खालीं आलें, तरी विद्यार्थ्यांची प्रकृति उत्तम राहिली. अंगानें जड होते त्यांचें वजन उतरलें, आणि बलमापक यंत्रांवर त्यांची शक्ति उलट वाढलेली दिसली. चिटेंडननें त्याच वर्षीं ग्रंथ लिहून फॉइटचें माप मोडीत काढलें.

आक्षेप पुष्कळ निघाले. कलकत्ता मेडिकल कॉलेजांतील मॅके ह्यानें बंगाली विद्यार्थ्यांकडे बोट दाखविलें: हे तर जन्मभर चिटेंडनच्याच मापानें जेवतात, मग त्यांचीं शरीरें किरकोळ कां? ह्या प्रश्नांत साहेबी अहंकाराचा अंश होताच, पण प्रश्न अगदींच पोकळ नव्हता. खरी उणीव मात्र निराळी होती. नेहमींचें जेवण जेवून तोच व्यायाम करणारी दुसरी तुकडी येलमध्यें नव्हती. विद्यार्थी आधींपासूनच तालमींत मुरलेले होते, सबब शक्ति व्यायामानें वाढली नाहीं, हें चिटेंडनचें उत्तर. तें पुरेसें नाहीं.

अशा दोन तुकड्या कॅनडांतील मॅकमास्टर विद्यापीठानें केल्या. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगांत चाळीस स्थूल तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षां सुमारें ४० टक्के कमी उष्मांक देऊन आठवड्यांतून सहा दिवस कसून व्यायाम करावयास लावलें. एका तुकडीस दर किलो वजनामागें १.२ ग्रॅम प्रथिन, दुसरीस २.४. पहिल्या तुकडीची चरबी सरासरी ३.५ किलो उतरली, दुसरीची ४.८, आणि दुसरीचें चरबीविरहित वजन १.२ किलो वाढलें, पहिलीचें जेमतेम होतें तेवढेंच राहिलें. शक्ति मात्र दोन्ही तुकड्यांची सारखीच वाढली! म्हणजे येलचीं बलमापक यंत्रें खोटें बोललीं नव्हतीं. स्नायू राहिला कीं गेला, हें त्यांना सांगतांच येत नव्हतें.

पुढल्याच वर्षीं वजनें उचलणाऱ्यांवरील ४९ प्रयोगांचा आढावा निघाला. पोटभर जेवणाऱ्यांस किलोमागें सुमारें १.६ ग्रॅमच्या पलीकडे विशेष लाभ त्यांत दिसला नाहीं. सत्तर किलोच्या तरुणास हें ११२ ग्रॅम होतें. चुकीच्या वाटेनें गेलेला फॉइट मुक्कामाच्या जवळच पोंचला होता म्हणावयाचा. चरबी उतरवूं पाहणाऱ्यानें ह्याहून खालीं येऊं नये, आणि कपात करावयाची ती तूप, साखर व भात ह्यांत. मराठी घरांत हें जमविणें सोपें नाहीं. ३० ग्रॅम तुरीच्या डाळींत सुमारें ७ ग्रॅम प्रथिन असतें, एका अंड्यांत ६ आणि लिटरभर दुधांत ३२.